तबकडी पोरांनीच उडवली, आता गावाला सांगायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. देवगडच्या पुढे खाडीकाठच्या तुमच्या गावात तुमच्या पुतण्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी प्लास्टिकच्या रिंगला एलईडीची पट्टी गुंडाळली, ती ड्रोनच्या पोटाला बांधली आणि रात्री खाडीवर उडवली, एकाने सड्यावरनं मोबाईलवर शूटिंग केलं, मागून "अरे ता काय, ता काय" असा आवाजही भरला आणि गावच्या ग्रुपवर टाकून दिलं. दोन दिवसांत व्हिडिओ मालवणपासून राजापूरपर्यंत फिरला. आता रोज रात्री जेटीवर माणसं जमतायत, शेजारच्या दोन गावांनाही तबकडी दिसायला लागलीय, कुणी म्हणतंय देवाला कौल लावूया, कुणी म्हणतंय पाकिस्तानचा ड्रोन, आणि पोरं घरात तोंड लपवून बसलीत. गप्प बसून विषय आपोआप विझू द्यावा की सांगून टाकावं, आणि लोक इतक्या लगेच विश्वास कसा ठेवतात, हे तुमचे दोन प्रश्न.

सांगून टाका. शिमग्याला चाकरमानी गावात यायच्या आत सांगून टाका, कारण ते आले की जेटीवरची गर्दी तिप्पट होणार आणि मुंबईचे कॅमेरे पण मागोमाग येणार.

मी रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरीच वर्षं आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतोय, त्यामुळे "आकाशात कायतरी दिसला" असे फोन मला नेहमी येतात, कधी पत्रकाराचा, कधी पोलीस पाटलाचा, कधी रात्री दोन वाजता एखाद्या तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा. त्या अनुभवावरून आणि जगात अशी जी सोंगं झाली ती वाचून माझं एक मत पक्कं झालंय, ते म्हणजे लोक तबकडीवर विश्वास ठेवतात तेव्हा फारसं काही बिघडत नाही, फसवलं गेलो हे ज्या दिवशी कळतं तो दिवस जड जातो, आणि तो दिवस जितका पुढे ढकलाल तितका जास्त जड जातो.

हे हवेत बोलत नाही. १९३८ च्या ३० ऑक्टोबरला अमेरिकेत रेडिओवर मंगळावरच्या स्वारीचं नाटक बातम्यांच्या ढंगात सादर झालं आणि सगळा देश रस्त्यावर धावला ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्यातलं बरंचसं दुसऱ्या दिवशीच्या पेपरांनी फुगवलेलं. त्याच रात्री श्रोते मोजणाऱ्या एका कंपनीने पाच हजार घरांत फोन करून कोण काय ऐकतंय ते विचारलं होतं, तर हे नाटक ऐकणारे जेमतेम दोन टक्के निघाले, बाकीचे दुसऱ्या स्टेशनवरचं काहीतरी ऐकत होते, बरेच जण विनोदी कार्यक्रम, नाहीतर रेडिओ लावलेलाच नव्हता. काही जण घाबरले, पोलिसांना फोन गेले, हे खरं, पण घाबरलेला देश वगैरे नंतरची कथा. पेपरवाल्यांना रेडिओचा धंदा खुपत होता ते वेगळंच.

आता याच्या उलटं बघा. तेच नाटक १९४९ च्या फेब्रुवारीत इक्वेडोरची राजधानी किटोमध्ये तिथल्या स्टेशनने स्थानिक गावांची नावं घालून केलं. लोक खरोखर घाबरून घराबाहेर पडले, चर्चमध्ये गेले. आणि मग स्टेशनने जाहीर केलं की घाबरू नका, हे नाटक आहे. खरी आग लागली ती या वाक्यानंतर. जमाव स्टेशनवर चालून गेला, दगडफेक झाली, इमारत पेटवली, त्याच इमारतीत तिथला मोठा पेपर पण होता तोही जळाला आणि आत अडकलेली माणसं मेली. मंगळवाल्यांच्या भीतीने जे झालं नाही ते "आम्ही गंमत करत होतो" या शब्दांनी झालं.

तुमच्या गावात कोण काय पेटवणार नाही हो, पण राग तोच असतो. जेटीवर रात्री बसलेला माणूस झोपमोड करून बसलाय, बायकोला सांगून आलाय, मुंबईच्या भावाला फोन करून कळवलंय, दोन दिवस त्याची बोट धक्क्याला आहे. त्याला उद्या कळलं की शेजारच्या पोराने उडवलेलं खेळणं होतं, तर त्याला वाईट कशाचं वाटणार? तबकडी नव्हती याचं नाही, आपलं हसं झालं याचं. हे डोक्यात ठेवलंत तर पुढचं सगळं बरोबर सुचेल.

वेळेवर सांगितलेल्या सोंगाचं सगळ्यात चांगलं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. ४ सप्टेंबर १९६७ ची सकाळ, दक्षिण इंग्लंडमध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लीव्हडनपासून पूर्वेकडच्या शेपी बेटापर्यंत एका सरळ रेषेत सहा ठिकाणी सहा तबकड्या जमिनीवर सापडल्या. फायबरग्लासच्या, चकचकीत, कुठेही दार नाही की स्क्रू नाही, उलटी केली की आतून आवाज यायला लागायचा. आत भरलेलं होतं पीठ आणि पाणी उकळून आंबवलेलं घाणेरडं मिश्रण, म्हणजे कुणी भोक पाडलंच तर परग्रहावरचा चिकट पदार्थ बाहेर आल्यासारखा वाटावा. केलं होतं फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातल्या शिकाऊ पोरांनी, धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची होती आणि सरकार अशा प्रसंगी काय करतं तेही बघायचं होतं. आणि सरकारने काय केलं तर प्रत्येक ठिकाणी वेगळं केलं. चिपनममध्ये लष्कराच्या बॉम्बवाल्यांनी ती उडवून दिली, ब्रॉम्लीत पोलिसांनी उचलून ठाण्यात आणली, शेपीवर हवाई दलाचं हेलिकॉप्टर आलं. पोरांनी त्याच दिवशी कबूल केलं. त्यामुळे शेवट हसण्यात झाला, आजही ती गोष्ट मजेत सांगतात. चार महिने थांबले असते तर हेलिकॉप्टरच्या खर्चाचा हिशोब कुणीतरी मागितला असता.

मला त्यात आवडतं ते हे की एकेक तबकडी काहीच नव्हती, कुणीतरी फेकलेलं भांडं म्हणून खपली असती. सहा तबकड्या एका रेषेत ही युक्ती होती. रेष पोरांनी आखली आणि अर्थ बाकीच्यांनी लावला.

उशीर केलेल्याचं उदाहरण पण तिथलंच. शेतात उभ्या पिकात रात्रीत गोल उमटायचे, ते दोन वयस्कर मित्र सत्तरच्या दशकापासून लाकडी फळी आणि दोरी घेऊन करत होते. १९९१ मध्ये त्यांनी पेपरात कबूल केलं, करून दाखवलं, एका जाणकाराने त्यांच्याच गोलाला अस्सल म्हणून सर्टिफिकेटही दिलं होतं. तोवर मधल्या काळात त्या गोलांवर पुस्तकं निघाली होती, व्याख्यानं चालली होती, कुणाकुणाचं पोट त्यावर होतं, मग कबुली मानतो कोण? आजही मानत नाहीत. तुमच्याकडे अजून कुणी यूट्यूब चॅनेल काढलं नाहीये ना, मग बघा.

आता पोरांनी नक्की काय केलं ते जरा जवळून बघू, कारण "लोक विश्वास कसा ठेवतात" याचं उत्तर तिथे आहे. व्हिडिओ तुम्ही पाठवलात तो मी नीट पाहिला. पहिल्या काही सेकंदांत रिंग दिसते, बारीक, निळसर. मग पोरगा झूम करतो, मोबाईलला अंधारात फोकस सापडत नाही, तो मागेपुढे शोधत राहतो आणि त्या क्षणी प्रकाशाचा ठिपका फुगून गोल चकती होतो, कडेला थोडी उजळ, मध्ये फिकी. लोक स्क्रीनशॉट काढून फिरवतायत तो नेमका या क्षणाचा. ती चकती ड्रोनची नाही, ती मोबाईलच्या लेन्सची आहे. तुम्ही आज रात्री अंगणातून कुठल्याही तेजस्वी ताऱ्यावर मोबाईल धरून पूर्ण झूम करा, हीच तबकडी मिळेल. पट्टी लुकलुकते तेही तसंच, एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असतो, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला पट्टे दिसतात आणि मग लोक म्हणतात ती फिरत होती.

दुसरं, आकार. काळोख्या आकाशात अंतर कळायला काहीच आधार नसतो. अर्धा मीटर रुंदीची रिंग शंभर मीटरवर जेवढी दिसते तेवढीच दहा किलोमीटरवरची पन्नास मीटरची वस्तू दिसते, पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याहून थोडी मोठी. डोळा यातलं काय निवडणार? खाडीपलीकडचा डोंगर ओळखीचा, म्हणून मन तिला डोंगराच्या मागे नेऊन बसवतं आणि एकदा मागे बसवली की ती गावातल्या देवळाएवढी होते. कोण खोटं बोलत नाहीये. "एवढी मोठी होती" असं सांगणाऱ्याने दिसलेलंच सांगितलं, फक्त अंतर त्याच्या मनाने घातलेलं.

शेजारच्या गावांना जे दिसतंय ते तर पोरांचं नाहीच, ड्रोन त्यानंतर उडवलाच नाही म्हणता. मग ते काय? एकदा सगळं गाव वर बघायला लागलं की वर कायम असलेल्या गोष्टी पहिल्यांदा दिसतात. संध्याकाळी पश्चिमेला शुक्र असेल तर तो इतका ठळक असतो की विमानाचे पायलटसुद्धा फसलेत. इंटरनेटसाठीचे स्टारलिंकचे उपग्रह सोडल्यावर पहिले काही दिवस मण्यांच्या माळेसारखे एका ओळीत जातात, सूर्यास्तानंतर तास-दोन तासांत किंवा पहाटे. गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरणारं विमान तुमच्या दिशेने तोंड करून असेल तर त्याचा लँडिंग लाईट मिनिटभर जागेवरच थांबल्यासारखा दिसतो आणि मग एकदम वळून गायब. मुंबई आणि पणजीहून हवामान खात्याचे फुगे रोज सकाळ-संध्याकाळ सुटतात, खाली अंधारलेलं असताना वर त्यांच्यावर ऊन असतं. आणि समुद्रावर एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या बोटी, बंदी असून चालते हे तुम्हाला मी काय सांगू. उन्हाळ्याच्या तोंडाला गार समुद्रावर गरम कोरड्या हवेचा थर येऊन बसतो, तो प्रकाश वाकवतो, मग क्षितिजाखालच्या बोटीचा दिवा पाण्यापासून सुटून वर लटकल्यासारखा दिसतो. याच हवेमुळे दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर कधीकधी अरबस्तानचा किनारा उमटायचा. एका जागी टक लावून बघितलं की स्थिर दिवासुद्धा हलताना दिसतो, तो आपल्याच डोळ्यांचा खेळ.

म्हणून त्या गावांतल्या लोकांना "तुम्हाला भास झाला" असं चुकूनही म्हणू नका. त्यांना तीन गोष्टी विचारा, किती वाजता, कुठल्या दिशेला, क्षितिजापासून किती वर. वर किती हे हाताने मोजता येतं, हात ताठ करून मूठ धरली की एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. तेवढ्यावर मोबाईलमधल्या ताऱ्यांच्या आणि विमानांच्या ॲपमध्ये बघून बहुतेक गोष्टी पाच मिनिटांत सुटतात. न सुटलेली राहिली तर राहू द्या की. अमेरिकेच्या हवाई दलाने १९६९ पर्यंत बारा हजार सहाशे अठरा नोंदी तपासल्या, त्यातल्या ७०१ अनुत्तरित ठेवल्या, त्यांचं कुठे काय अडलं?

मला अशी माणसं नेहमी भेटतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं लावणाऱ्या एका आजोबांना मी सगळं समजावलं, पोरांनी फुगा सोडल्याचं कबूल पण केलं होतं, तर ते शांतपणे म्हणाले, "पोरांचा असात, मी बघितलंय ता येगळा होता." आणि वेळ जुळवली तर खरंच वेगळं होतं, त्यांनी पाहिलेला उपग्रह होता. त्यांना वेडं ठरवलं असतं तर ते परत माझ्याशी बोलले नसते आणि मला समुद्रावरचं जे त्यांच्याकडून कळतं ते कळलं नसतं.

किनाऱ्यावरच्या माणसाला घाबरट म्हणणं तर मला साफ नापसंत आहे. १९९३ च्या स्फोटांचा आरडीएक्स कुठे उतरला? आपल्याच किनाऱ्यावर, शेखाडीला. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला बेवारस बोट लागली आणि तिच्यात तीन एके-४७ निघाल्या, राज्यभर नाकाबंदी झाली, शेवटी ती ओमानच्या समुद्रात सोडून दिलेली बोट वाहत आली असं निघालं, पण ज्यांनी पहिल्यांदा कळवलं त्यांनी बरोबरच केलं होतं. वर्षानुवर्षं आपण मच्छीमारांना सांगतो की काही वेगळं दिसलं की सागरी पोलिसांच्या १०९३ नंबरला कळवा. आता त्यांनी कळवलं तर हसायचं? चंद्रपूरकडे सिंदेवाहीजवळ लाडबोरीत एप्रिल २०२२ मध्ये आकाशातून जळत आलेली भलीमोठी धातूची रिंग पडली, ती खरी निघाली, चिनी रॉकेटचा तुकडा होता. तेव्हा वरून आलेलं सगळंच सोंग असतं असंही नाही.

आणि गप्प न बसण्याचं सगळ्यात मोठं कारण. रात्री जमलेली, धास्तावलेली माणसं आणि त्यांच्यात अचानक आलेला परका, हे मिश्रण वाईट. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणाऱ्या टोळीच्या व्हॉट्सॲपवरच्या अफवेपायी पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने मारून टाकलं. तुमच्याकडे "पाकिस्तानचा ड्रोन" हा शब्द आधीच फिरतोय. उद्या एखादा पुण्याचा पर्यटक संध्याकाळी बीचवर ड्रोन काढेल, त्याला कोण वाचवणार? हे एवढं कारण पोरांना सांगा, ती स्वतःहून तयार होतील.

आता सांगायचं कसं. ग्रुपवर मेसेज टाकून नाही आणि पोलिसांनी शोधून काढल्यावर तर नाहीच. आधी पोलीस पाटील आणि सरपंच यांना घरी जाऊन सांगा, पोरांना बरोबर घेऊन, त्यांना बाहेरून कळलं तर ते दुखावतील आणि मग मदत करणार नाहीत. गावकर-मानकऱ्यांनाही, म्हणजे कौल लावण्याचा विषय देवळातच शांतपणे थांबेल. मग एका संध्याकाळी, अजून उजेड असताना, शाळेच्या पटांगणात सगळ्यांना बोलवा, पोरांनी ड्रोन आणि रिंग टेबलावर ठेवावी, हातात घेऊन बघू द्यावी, मग अंधार पडल्यावर तीच परत उडवून दाखवावी. ज्याला वाटलं होतं देवळाएवढी त्याला ती दोन हातांत धरू द्या. आपण शिमग्यात सोंग काढतो, ते दारात येतं, पोस्त मागतं, त्यामागचा चेहरा सगळ्यांना ठाऊक असतो म्हणून कुणी रागवत नाही, पोरांचं चुकलं ते चेहरा न दाखवता सोंग सोडून पळाली. आता चेहरा दाखवायचा, एवढंच. माफी पोरांनीच मागावी, काकांनी त्यांच्या वतीने नाही. आणि कार्यक्रमात जेटीवर बसलेल्यांवर एक सुद्धा विनोद नको, पाहुणा वक्ता बोलावलात तर त्यालाही बजावा, आमच्यातल्या काही विज्ञानवाल्यांना "अज्ञानी जनता" म्हणायची भारी हौस असते.

मूळ व्हिडिओ डिलीट करू नका. डिलीट केलात की "सरकारने काढायला लावला" सुरू. त्याच्याच खाली दुसरा टाका, दिवसाउजेडी पोरं रिंग बांधतायत, लगेच रात्री तीच उडतेय, सलग, न कापता, मालवणीत बोलून. पहिल्याएवढा तो फिरणार नाही, पण कुणी शोधायला आलं तर सापडेल.

कायद्याचं विचारलं नाहीत तरी सांगतो. न्यू जर्सीत २००९ मध्ये दोन तरुणांनी हेलियमच्या फुग्यांना जळते फ्लेअर बांधून अशीच अफवा उठवली होती, एका टीव्ही कार्यक्रमाने ते अस्सल म्हणून दाखवलं, पोरांनी १ एप्रिलला स्वतः सगळं छापलं, तरी अडीचशे डॉलर दंड आणि पन्नास तास समाजसेवा झालीच, कारण जवळ विमानतळ होता. आपल्याकडे अफवेसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ आहे आणि ड्रोनसाठी २०२१ चे नियम. स्वतःहून, लवकर, पोलीस पाटलांमार्फत सांगितलं तर बहुतेक ठाणी समज देऊन सोडतात असा माझा अनुभव आहे, पण एखाद्या वकिलाशी बोलून घ्याच. तोवर दोन गोष्टी मला कळवा. ड्रोन रिंग आणि पट्टीसकट किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून वजन बघा, अडीचशे ग्रॅमच्या आत असेल तर तो सगळ्यात हलक्या वर्गात येतो आणि हौसेने उडवायला पायलटचं लायसन लागत नाही. आणि डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या वेबसाईटच्या नकाशावर तुमची खाडी हिरव्या रंगात येते की पिवळ्या की लाल ते बघा, कारण पटांगणात परत उडवायचं ठरलं तर परवानगी काढायची की नाही ते त्यावरच ठरेल.